अर्बन होमनचं पिस्तूल

लायनस वेनिंगला आमच्या गावात प्रोफेसर म्हणत. आता शिक्षण म्हणाल तर बारावी, आणि तीही शेवटच्या बाकावरून. पण जुन्या लष्करी पिस्तुलांचा विषय निघाला की गडी असा काही सुटायचा, की ऐकणाऱ्याची कॉफी थंड होऊन जायची. अडतीस वर्षं त्यानं एका मशीनशॉपमध्ये डाय, म्हणजे धातू कापायचे साचे, बनवले होते. केसाच्या जाडीचा फरक त्याच्या बोटाला कळायचा. लोखंडाचं त्याला सगळं कळत होतं. माणसांचं कळावं म्हणून मात्र त्यानं कधी फारसे कष्ट घेतले नाहीत, असं त्याची बायको मारिटा अजून म्हणते, आणि ती काही खोटं बोलणाऱ्यातली नाही.

ओहायोच्या या टोकाला सगळी जुनी जर्मन कॅथलिक घराणी. मका, डुकरं, रविवारी चर्च आणि हिवाळाभर पत्ते. नोव्हेंबर ते एप्रिल, शेतात काम नसतं तेव्हा, महिन्याच्या पहिल्या शनिवारी जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये बंदुका जमवणाऱ्यांचा बाजार भरतो. दारातून आत शिरलं की डावीकडे चर्चच्या बायकांचं केक-कॉफीचं टेबल, उजवीकडे नॉर्ब क्रेमरच्या संगिनी, आणि मधोमध हिरव्या कापडाचं लायनसचं टेबल. त्यावर त्यानं स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी: ‘नवशिक्यांनी आधी इथं यावं. विचारायचे पैसे पडत नाहीत.’

आणि नवशिके येत. कुणाला आजोबांच्या खणात काहीतरी सापडलेलं असायचं, कुणी नुकतंच हातोहात फसून आलेलं असायचं. लायनस सगळ्यांना तेच सांगायचा, पण दर वेळी जणू पहिल्यांदाच सांगतोय अशा उत्साहानं.

“पहिली गोष्ट, रिकामं आहे का बघा. मी बघितलं असलं तरी तुम्ही बघा. मी काय देव लागून गेलो? दुसरी गोष्ट, घासू नका. गंज असू दे, डाग असू दे, रंग उडालेला असू दे. तेल लावा, फडक्यानं पुसा, बस. नवं पाणी चढवलंत की पिस्तूल मेलं. आजीच्या सुरकुत्यांना इस्त्री करता का? मग याच्या का करता? तिसरी गोष्ट, नंबर. जर्मन माणूस स्क्रूवरसुद्धा नंबर मारतो. सगळे जुळतात का बघा. भिंग ठेवा खिशात, आणि चुंबक.” मग तो खिशातून नाण्याएवढं चुंबक काढून दाखवायचा. “आणि चौथी गोष्ट, सगळ्यात महत्त्वाची. पिस्तूल विकत घ्या, गोष्ट विकत घेऊ नका. या हॉलमधल्या प्रत्येक पिस्तुलामागं एक जर्मन जनरल मेलेला आहे. एवढे जनरल असते त्यांच्याकडं, तर युद्ध अजून चालू असतं!”

या वाक्याला हशा ठरलेला. लायनसला तो हशा फार आवडायचा.

एक गोष्ट मात्र तो टेबलावर कधी बोलायचा नाही. तो स्वतः सैन्यात गेला नव्हता. व्हिएतनामच्या वेळी कानाचा पडदा फाटका निघाला नि डॉक्टरनं नापास केलं. त्याच्या वर्गातले अकरा जण गेले, नऊ परत आले. त्यानंतर त्यानं कपाटभर पिस्तुलं जमवली, एकूण एक दुसऱ्यांच्या लढायांतली. त्यामुळं असेल, पण खरोखर लढलेला माणूस समोर आला की लायनस जरा जास्तच बोलायचा.

त्या मार्चमध्ये नॉर्बच्या डोक्यात आलं की नवशिक्यांच्या दिवशी अर्बन होमनला बोलवावं. अर्बन त्र्याण्णव वर्षांचा. महायुद्धात लढून आलेला आमच्या चर्चमधला शेवटचा माणूस. मेमोरिअल डेच्या, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या स्मरणदिनाच्या मिरवणुकीत पहिल्या गाडीत त्याची जागा ठरलेली, आणि दर नोव्हेंबरात शाळेत जाऊन तो आपली गोष्ट सांगायचा. गोष्ट म्हणजे काय, तर ऱ्हाईन नदीच्या अलीकडचं एक गाव, मार्च महिना, एका तळघरातून हात वर करून एक पोरगेलासा जर्मन अधिकारी वर आला. त्यानं आपलं पिस्तूल उलटं धरून, मूठ पुढं करून अर्बनच्या हातात दिलं आणि पाणी मागितलं. अर्बननं त्याला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. संपली गोष्ट. कुणी मरत नाही, काही उडत नाही. पोरं हिरमुसायची. पण अर्बननं सत्तर वर्षांत त्यात एक गोळी वाढवली नव्हती.

नॉर्ब स्वतः गाडी घेऊन त्याच्या घरी गेला. “येताना ते पिस्तूल आणा हं,” असं दोनदा बजावून, मागंच लागून त्यानं ते आणायला लावलं. अर्बनचा मुलगा ड्वेन बरोबर आला. ड्वेन सहासष्ट वर्षांचा, शाळेची बस चालवायचा, बायको वारल्यापासून बापाकडंच राहायचा. भला माणूस, पण मूग गिळून बसणारा. तो बापाची चाकांची खुर्ची ढकलत आत आला तेव्हाच त्याचा चेहरा पडलेला होता. पण ड्वेनच्या चेहऱ्याकडं बघतो कोण?

अर्बननं गोष्ट सांगितली. पिस्तूल तेलकट फडक्यात गुंडाळून मांडीवर ठेवलेलं होतं. चाळीसएक माणसं भोवती उभी होती, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि लायनसचे हात शिवशिवायला लागले.

“मिस्टर होमन, द्या ना इकडं,” तो म्हणाला. “पोरांना अस्सल माल बघू दे.”

“राहू दे रे,” अर्बन म्हणाला. “जुनं झालंय. त्यात काय बघायचं?”

“जुनंच तर बघायचं असतं!”

“लायनस, राहू दे,” ड्वेन म्हणाला. “बाबा दमलेत.”

बघा, दोन माणसांनी दोनदा सांगितलं, राहू दे. शहाण्याला शब्दाचा मार असतो म्हणतात. पण लायनस त्या दिवशी शहाणा नव्हता, प्रोफेसर होता. त्याला वाटलं, म्हातारा लाजतोय. त्यानं वाकून मांडीवरची गुंडाळी उचललीसुद्धा.

रिकामं आहे का बघितलं. सगळ्यांना दाखवलं. “हे पी-अडतीस. जर्मन अधिकाऱ्यांचं लाडकं.” आणि बोलता बोलता, सवयीनं, त्यानं चुंबक फ्रेमला लावलं. चुंबक चिकटलं नाही. टक् करून टेबलावर पडलं.

त्यानं पुन्हा लावलं. पुन्हा पडलं.

इथं गप्प बसता आलं असतं. ‘छान पिस्तूल आहे’ म्हणून परत फडक्यात गुंडाळता आलं असतं. पण समोर चाळीस माणसं, त्यात टॅरिन नावाची एक नर्स होती, दर महिन्याला येऊन वहीत टिपणं काढणारी, आणि तिनंच विचारलं, “का पडलं ते?”

“कारण युद्धातल्या पी-अडतीसची फ्रेम पोलादाची असते,” लायनस म्हणाला. “ही अॅल्युमिनियमची आहे. आणि हे बघा, वर गावाचं नाव, उल्म. बनवणारा कारखाना उल्मला आलाच मुळी युद्ध संपल्यावर. आणि हा शिक्का.” त्यानं भिंग लावलं. “एकसष्ट साल.” मग त्याला हसू आलं. इतकं नेमकं उदाहरण शोधून सापडलं नसतं. “म्हणजे मिस्टर होमन, तुमचा तो जर्मन सोळा वर्षांनी जन्माला येणारं पिस्तूल कमरेला लावून फिरत होता!”

उचलली जीभ लावली टाळ्याला. लोक हसले. आधी दोघंतिघं, मग बरेच. मग आपण कुणाला हसतोय हे ध्यानात आलं आणि हसणं एकदम बंद झालं.

अर्बननं मान वळवून मागं उभ्या असलेल्या मुलाकडं बघितलं. ड्वेन आपल्या बुटांकडं बघत होता. म्हाताऱ्यानं त्याच्याकडं सावकाश, नीट बघून घेतलं. मग तो पुढं वळला.

“बरोबर आहे त्याचं,” तो म्हणाला. “विकतच घेतलं होतं मी. एवढी वर्षं बढाया मारत होतो. पकडलं शेवटी प्रोफेसरनं.”

ड्वेननं खुर्ची वळवली आणि दोघं दारातून निघून गेले. नॉर्बनं लायनसच्या पाठीवर थाप मारली. “बाबा रे, तुझ्या नजरेतनं काही सुटत नाही!” लायनसनं त्या दिवशी केकचे दोन तुकडे खाल्ले. छान लागले त्याला.

घरी येऊन त्यानं मारिटाला सगळं रंगवून सांगितलं. ती बटाटे सोलत होती, हसली नाही.

“त्र्याण्णव वर्षांच्या माणसाला चारचौघांत उघडं पाडलंस. तुला काय मिळालं?”

“अगं, खरं आहे ते.”

“खरं आहे ते तुझ्या कपाटात कुलपात ठेवायचं होतंस. तेवीस पिस्तुलं ठेवतोस ना, त्यात हे चोविसावं.”

गावाला काय, विषयच हवा असतो. माजी सैनिकांच्या क्लबातनं अर्बनला निरोप गेला की यंदा मिरवणुकीतली पहिली गाडी ‘वयाचा विचार करून’ दुसऱ्या कुणाला देतोय. डुकरांच्या खाद्याच्या दुकानात लोक एकमेकांना विचारायला लागले, तू तुझी बायको कुठल्या लढाईत पकडलीस? रविवारी चर्चमध्ये होमन बापलेक नेहमीच्या बाकावर बसले नाहीत, अगदी मागं, खांबाआड बसले. लायनसनं ते बघितलं. तोवर त्याला आपण बरोबर होतो असं वाटत होतं. त्या दिवशीही वाटलं, पण मान वर करवेना.

मंगळवारी दुपारी ड्वेन आला. लायनस गॅरेजमध्ये काहीतरी घासत बसला होता. ड्वेननं कॉफीचा एक जुना डबा त्याच्या बाकावर ठेवला नि झाकण काढलं. आत चिंधीत गुंडाळलेलं पिस्तूल होतं.

पी-अडतीसच. पण काय अवस्था! आरशासारखं चकचकीत, निळंशार पाणी चढवलेलं, कडा झिजून गोल झालेल्या, अंगावर एक अक्षर नाही, एक आकडा नाही. अंगावरची कातडी सोलून काढलेला प्राणी बघावा तसं लायनसला झालं.

“कुणी केलं हे?”

“मी,” ड्वेन म्हणाला. “पंच्याऐंशी साली. युद्ध संपल्याला चाळीस वर्षं झाली म्हणून. मी तेव्हा फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशच्या खात्यात होतो. म्हटलं, बाबांना नव्यासारखं करून देऊ. चाकावर धरलं, सगळा गंज घालवला. किती खूश होतो मी. मग उजेडात नेऊन बघतो तर अक्षरं गेलेली. बाबांनी खिळ्यानं त्या गावाचं नाव कोरलं होतं, तेही गेलं.” त्यानं नाक पुसलं. “डेटनच्या बाजारात जाऊन तसंच दिसणारं दुसरं आणलं नि फडक्यात गुंडाळून जागेवर ठेवलं. मला काय कळतंय त्यातलं? मला सगळी सारखीच वाटली.”

लायनसनं स्क्रू काढून मुठीच्या पट्ट्या उतरवल्या, नळी सुटी केली. पट्ट्यांच्या आडोशाला, जिथं चाक पोचलं नव्हतं, तिथं दोन बारीक शिक्के शाबूत होते. लष्कराचे. युद्धातले. आयुष्यात पहिल्यांदा खरा शिक्का सापडून त्याला वाईट वाटलं.

“म्हणजे तुझे बाबा खोटं बोलत नव्हते.”

“नाही.”

“आणि तू तिथं उभा होतास.”

“हो,” ड्वेन म्हणाला. मग म्हणाला, “त्यांना हे काहीच माहीत नाही, लायनस. ते तसं का म्हणाले तेच मला कळत नाही. त्यांना वाटत असेल, आपलंच डोकं फिरलंय. आपणच ती गोष्ट मनानं रचली. आता घरात बसून असतात, नुसते विचार करत असतात. तू सांग लोकांना. मला नाही जमणार.”

तो गेल्यावर लायनस तिथंच बसून राहिला. लाज वाटली त्याला. साधी, सरळ लाज. कानाच्या पाळ्या गरम करणारी. तो म्हातारा खोटा ठरला एवढ्यानंच संपलं नव्हतं. सत्तर वर्षं जपलेली आठवण त्याला स्वतःलाच खोटी वाटायला लागली असेल, तर मग लायनसनं त्याचं काय शिल्लक ठेवलं? आणि कशापायी? एका हशापायी.

गुरुवारी सकाळी, ड्वेन बस घेऊन गेल्यावर, लायनस डबा घेऊन होमनांच्या घरी गेला. अर्बन स्वयंपाकघरात टेबलाशी एकटाच पत्ते लावत बसला होता.

“ये पोरा, बस,” तो म्हणाला. एकाहत्तर वर्षांच्या लायनसला पोरा म्हणणारं आता गावात दुसरं कुणी उरलं नव्हतं.

“मिस्टर होमन, मी माफी मागायला आलोय. तुमचं डोकं शाबूत आहे. तुमची गोष्ट खरी आहे. हे बघा.” त्यानं डबा उघडून पुढं ठेवला.

अर्बननं चकचकीत पिस्तूल हातात घेतलं. वजन केल्यासारखं तळव्यावर तोललं. मग एकदम हसायला लागला. “आरसा केला गाढवानं! दाढी करता येईल यात. हे कुठं दडवलं होतं त्यानं?”

“तुम्हाला माहीत होतं?”

“पंच्याऐंशीपासून. अरे, दोन महिने ते पोटाशी धरून झोपलेला माणूस मी. त्या नोव्हेंबरात फडक्यासकट उचललं नि कळलं, हलकं लागतंय. माझ्या हाताला कळणार नाही होय? तुझं चुंबक परवा आलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“वाट बघत होतो, तो सांगेल म्हणून.” अर्बननं पिस्तूल खाली ठेवलं. “पहिल्या वर्षी वाटलं, सांगेल. दुसऱ्या वर्षी वाटलं, सांगेल. मग इतकी वर्षं झाली, की मीच विचारलं असतं तर वाईट दिसलं असतं. झाकली मूठ होती. बरी चालली होती.”

ती मूठ चाळीस माणसांसमोर लायनसनं उघडली होती.

“मी पुढच्या बाजारात हॉलमध्ये उभा राहतो,” लायनस म्हणाला. “सगळ्यांना हे दाखवतो, शिक्के दाखवतो. क्लबाला सांगतो. मिरवणुकीतली गाडी तुम्हाला परत मिळेल.”

“आणि हे कुणी केलं म्हणून सांगशील?”

“ड्वेननं. पण चांगल्या मनानं केलं, चूक झाली. अशी चूक शंभर जणांनी केलीय, रोज सांगतो मी.”

“पॉलिशचं लोक विसरतील,” अर्बन म्हणाला. “बाप खोटा ठरत होता तेव्हा हा मागं उभा राहून बूट बघत होता, ते नाही विसरणार. तू विसरशील? त्याला रोज सकाळी बस घेऊन या गावातल्या प्रत्येक दारात जायचं असतं. पोरं चढतात, आया दारात उभ्या असतात. मी काय, आज आहे उद्या नाही. मला आणखी किती दिवस खोटारडा म्हणतील? म्हणू देत की.”

आपलेच दात नि आपलेच ओठ म्हणतात, ते हे. त्यात लायनसनं बाहेरून येऊन ठोसा मारला होता.

“मग मी काय करू? सांगा काहीतरी. काहीही सांगा.”

अर्बननं दोन पत्ते उलटले. “एक अडचण आहे माझी. लोक फोन करतात, क्लबातली माणसं येतात. विचारतात, मग कुठून घेतलं? कधी घेतलं? मला धड सांगता येत नाही. अडखळतो मी. परवा नॉर्ब म्हणाला, काहीतरी पाणी मुरतंय. असंच चाललं तर कुणीतरी शोधत शोधत ड्वेनपर्यंत जाईल.” त्यानं वर बघितलं. “तू प्रोफेसर ना? मला एक दुकान दे.”

“म्हणजे?”

“म्हणजे नीट शोभेल असं खोटं दे. तुझ्यासारख्यालाही खरं वाटेल असं.”

लायनसनं नाही म्हणायला हवं होतं का? मला विचाराल तर मला ठाऊक नाही. तो स्वयंपाकघरातल्या त्या खुर्चीवर बसला आणि त्यानं ते खोटं घडवलं. डाय घडवायचा तसंच, फट न ठेवता. ओहायोतलंच लिमा शहर, कारण तिथलं ते स्टेशनजवळचं हार्डवेअरचं दुकान बंद होऊन जमाना झाला, मालक गेला, आता विचारायला कुणी नाही. साल बासष्ट, कारण शिक्का एकसष्टचा, समुद्रापलीकडून यायला तेवढा वेळ धरायलाच हवा. मागच्या काउंटरवर काचेखाली ठेवलेलं. पॅटनं, म्हणजे अर्बनच्या बायकोनं, कटकट केली म्हणून घरात आल्या आल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं. सगळे दुवे जुळत होते. आयुष्यभर त्यानं लोकांच्या गोष्टींतल्या फटी शोधल्या होत्या, त्यामुळं कुठं फट राहते ते त्याच्याइतकं कुणाला कळणार? काम चोख झालं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

त्या महिन्यात तो चार वेळा गेला. अर्बनकडून म्हणून घ्यायचा, शाळेत पाढे म्हणून घेतात तसं. पण म्हाताऱ्याला खोटं पाठच होईना. मधेच खरं यायचं. “तर मी त्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो, आणि तो तळघरातून वर आला,” असं म्हणून तो थांबायचा. “नाही का?”

“नाही, मिस्टर होमन. तळघर नाही. तळघर सोडा आता.”

आपल्या तोंडून हे वाक्य गेलं की लायनस उठून खिडकीशी जायचा आणि उगाच बाहेर बघत राहायचा. मारिटाला त्यानं सगळं सांगितलं. ती या वेळी नुसते बटाटे सोलत राहिली, आणि ते जास्त लागलं.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी हंगामातला शेवटचा बाजार भरला. अर्बननं हट्ट धरला, मला घेऊन चला. लपून बसलो तर लोक जास्त बोलतात, म्हणाला. ड्वेननं खुर्ची आणून लायनसच्या टेबलाशी लावली आणि मागं उभा राहिला. आपल्या बापाला सगळं पहिल्यापासून माहीत आहे, हे त्याला अजूनही ठाऊक नव्हतं. बापानं सांगू दिलं नव्हतं. आणि लायनस लोकांना खरं का सांगत नाही, हे विचारायचं धाडस ड्वेनला झालं नव्हतं.

नॉर्ब आलाच. “काय आजोबा! सांगा की आता, लढाई कुठल्या दुकानात झाली?”

माणसं गोळा झाली. अर्बननं घसा साफ केला. “लिमाला. स्टेशनजवळ हार्डवेअरचं दुकान होतं. मागच्या काउंटरवर, काचेखाली ठेवलेलं. पॅटनं कटकट केली...” छान चाललं होतं. लायनस मनातल्या मनात एकेक शब्द बरोबर म्हणत होता. “अठ्ठावन्न साली,” अर्बन म्हणाला. “ड्वेन सात वर्षांचा, चर्चमधलं त्याचं पहिलं कम्युनियन झालं ना, त्याच वर्षी.”

लायनसनं मनात बासष्ट म्हटलं होतं.

टॅरिननं वही चाळली. बिचारी दुष्ट नव्हती. तिला जे शिकवलं होतं तेच ती करत होती. “पण ते जमत नाही,” ती म्हणाली. “मागच्या महिन्यात शिक्का एकसष्टचा होता. मी लिहून घेतलंय. अठ्ठावन्न साली कसं घेतलं असेल?”

“तेच म्हणतोय मी!” नॉर्ब म्हणाला. “काहीतरी पाणी मुरतंय बरं का. आजोबा, खरं सांगा, हे घरात आणलं कुणी?”

अर्बनचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. मागं ड्वेनची बोटं खुर्चीच्या दांड्यावर पांढरी पडली होती. तो तोंड उघडणार की काय असं वाटलं, पण त्याला काही ते जमलं नाही.

“बासष्ट साली घेतलं,” लायनस म्हणाला. “मी बिल पाहिलंय.”

सगळे त्याच्याकडं वळले.

“त्यांच्या घरी आहे. दुकानाचं नाव, तारीख, सही, सगळं आहे. वय झालंय त्यांचं, सालात गोंधळ होतो. बासष्ट.”

तीस वर्षांत त्या हॉलमध्ये लायनस वेनिंगच्या शब्दावर कुणी भिंग लावलं नव्हतं. आजही कुणी लावलं नाही. टॅरिननं मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं, ‘बिल आहे. वेनिंग यांनी स्वतः पाहिलं.’ त्याखाली तिनं रेघ ओढली.

“वा!” नॉर्ब म्हणाला. “म्हणजे शरण येताना जर्मनानं पावतीसुद्धा फाडली!”

हॉलभर हशा फुटला. पाठीमागच्या टेबलांवरची माणसं वाकून विचारायला लागली, काय झालं, काय झालं, आणि ऐकून तीही हसायला लागली. केकवाल्या बायका हसल्या. अर्बनसुद्धा हसला, दात नसलेलं तोंड उघडून, चांगला खांदे हलवून हसला. आणि हसता हसता तो लायनसकडं बघत राहिला, नुसता बघत राहिला. लायनसला कळलं. एवढ्या माणसांत एकटाच न हसता उभा राहिलेला माणूस लगेच नजरेत भरतो.

मग लायनस हसला. नॉर्बपेक्षाही मोठ्यानं हसला, आणि म्हाताऱ्यानं ‘पुरे’ अशी मान डोलावेपर्यंत हसत राहिला.